पोट्टा नाटक शिकाले गेला

वरठीत रेल्वे स्टेशन आहे, पण त्याचं नाव भंडारा रोड. खरं भंडारा तिथून दहाएक किलोमीटर लांब. गाड्या थांबतात वरठीत, धूळ खाते वरठी, रात्रीबेरात्री झोपमोड होते ती वरठीची, आणि फलाटावरच्या पिवळ्या पाटीवर नाव दुसऱ्याचं. आमचं गाव पिढ्यान्‌पिढ्या भंडाऱ्याची भूमिका करत आलंय, तेही विनामानधन. नाव बदला म्हणून कोणी रुळावर बसल्याचं मी ऐकलेलं नाही. सनफ्लॅगच्या पोलाद कारखान्याच्या पाळ्या लागतात, सुटतात, आणि माणसं आपापल्या कामाला जातात. अशा गावातून नट निघाला यात नवल नाही. गावाला नवल वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं.

पुण्यात माझ्या वर्गातल्या प्रत्येकाकडे घरच्या विरोधाची एक कथा होती. कुणाच्या वडिलांनी बोलणं टाकलं होतं, कुणाच्या आईने आधी बी.कॉम. करायला लावलं होतं. माझी पाळी आली की माझी पंचाईत व्हायची. वरठीत नाटकाला कोणाचाच विरोध नव्हता. विरोध होता तो शिकण्याला.

"नाटक काय शिकाची गोष्ट आहे काय बाप्पा?" काकाजी म्हणाले. काकाजींनी तरुणपणी कित्येक हिवाळे खलनायक केला. तालुक्यातल्या जुन्या बाया अजूनही त्यांना पाहून पदर सावरतात. "रोवणी कराले कोनी बी.ए. करते काय?"

कृषी महाविद्यालयात शिकवतात, असं मी म्हणालो.

"म्हणून तं त्यायले रोवणी येत नाही."

काकाजींचं म्हणणं कळायला आमचा मुलूख माहीत हवा. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली हा धानाचा, तळ्यांचा, जंगलाचा पट्टा म्हणजे झाडीपट्टी. भाऊबीज झाली की इथे गावोगाव मंडई भरते, कुठे शंकरपट म्हणजे बैलांची शर्यत असते, आणि जिथे दिवसा ही गर्दी तिथे रात्री नाटक. हंगाम होळीपर्यंत चालतो. त्याची राजधानी गडचिरोली जिल्ह्यातली वडसा, सरकारी कागदावर देसाईगंज. तिथे नाट्यमंडळ्यांची कार्यालयं रांगेने आहेत. गावातली मंडळी जाते, मोसंबी निवडावी तशी नाटकं निवडते आणि बयाणा देऊन तारीख पक्की करते. रात्री दहाच्या सुमारास पडदा उघडतो, पहाटे चार-पाचला पडतो. समोर हजारो माणसं, थंडीत, शेतात, सतरंज्यांवर. लेकी माहेरी येतात, पाहुण्यांनी घर भरतं आणि नाटकाच्या निमित्ताने सोयरिकीही जमतात.

माझी मात्र एक सोयरिक जमता जमता राहिली. मुलीकडच्यांनी विचारलं, पोट्टा काय करते? माय अभिमानाने म्हणाली, नाटक शिकते, पुण्याले.

"तीन वर्षं?" मुलीचे मामाजी चहाचा कप खाली ठेवत म्हणाले. "म्हणजे अजून येत नाही काय?"

माझं शिक्षण सुरू झालं ते २०२० साली. त्या वर्षी सगळ्या देशाचं कॉलेज मोबाइलमध्ये शिरलं होतं. डॉक्टर होणारे ऑनलाइन शरीर शिकत होते, मी ऑनलाइन शरीराची भाषा शिकत होतो. घरात रेंज नाही, म्हणून वर्ग गच्चीवर. सकाळी श्वासाचे व्यायाम, मग आवाजाचे. खर्जात हुंकार, मग हसणं, मग रडणं, मग कारण नसताना किंचाळणं. शेजारच्या काकू दोन दिवस गप्प राहिल्या. तिसऱ्या दिवशी मायला म्हणाल्या, "रडनं जमून राहिलं तुझ्या पोट्ट्याले. हसनं कच्चं आहे."

एवढी नेमकी समीक्षा मला पुढे तीन वर्षांत कुणी केली नाही. कोरोनाने त्या साली झाडीपट्टीचा हंगाम बराचसा गिळला होता, गावाला नाटकाची भूक होती, आणि गच्चीवर एक पोरगा फुकट रडत होता. संध्याकाळच्या तासाला आसपासच्या गच्च्यांवर खुर्च्या लागायला लागल्या.

एकदा भावस्मृतीचा पाठ होता. रशियाच्या स्तानिस्लावस्कीने सांगून ठेवलंय की नटाने स्वतःच्या आयुष्यातलं दुःख आठवावं आणि ते भूमिकेला द्यावं. मी आजी गेली ती रात्र आठवली. डोळे भरून आले आणि नेमकी तेव्हाच रेंज गेली. माझा चेहरा वर्गातल्या सगळ्यांच्या पडद्यावर रडायच्या बेतात गोठून राहिला. रेंज परतली तेव्हा सर माझ्या संयमाविषयी बोलत होते. हल्लीच्या नटांना अश्रू रोखून धरता येत नाहीत, असं काहीतरी. मी नेटवर्कचे मनोमन आभार मानले.

मग कॉलेजं उघडली. महाराष्ट्र एक्सप्रेस गोंदियाहून निघते आणि राज्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, कोल्हापूरला जाते. वाटेत ती वरठीतल्या पोरांना गोळा करते आणि पुण्यात सांडते. पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र १९८७ सालचं. त्याच्या नावातच गुरुकुल आहे. 'महानिर्वाण' लिहिणारे सतीश आळेकर बरीच वर्षं त्याचे प्रमुख होते. नाटक, संगीत, नृत्य एकाच आवारात. एका झाडाखाली कुणी तान घेतंय, दुसऱ्याखाली कुणी तत्कार करतंय आणि तिसऱ्याखाली नाटकवाले चर्चा करतायत. आवारात एक उघडा रंगमंच आहे, अंगणमंच. तो पाहून मला घरच्यासारखं वाटलं. प्रेक्षक मोजता येतात हे पाहून ती भावना गेली.

पुण्यातल्या अभ्यासाचं एक वैशिष्ट्य मला पहिल्याच सत्रात कळलं. आमच्याकडे जे जे होतं त्या प्रत्येकाला तिथे जर्मन किंवा पोलिश नाव होतं. ब्रेख्त शिकलो. प्रेक्षकाने कथेत वाहून जाऊ नये म्हणून मध्येच नाटक थांबवायचं, गाणं घालायचं, हे सगळं खोटं आहे याची त्याला आठवण द्यायची. सर हे मोठ्या कष्टाने समजावत होते आणि माझ्या डोळ्यांपुढे आमची मंडई उभी होती. मंचावर आई मुलाच्या प्रेतावर पडून टाहो फोडते आहे, अख्खं शेत हुंदके देतंय, आणि माइकवर सूचना येते की लाल रंगाचा ट्रॅक्टर ज्यांचा असेल त्यांनी तो रस्त्यातून काढावा. ट्रॅक्टर निघतो. आई पुन्हा टाहो फोडते. पुढच्या प्रवेशात लावणी. ब्रेख्तला इतकं धाडस झालं नसतं. मी वर्गात हे सांगितलं तेव्हा सगळे फार हसले, आणि पुढच्या आठवड्यात एका मुलीने तिच्या प्रयोगात ट्रॅक्टरची सूचना घातली. पुण्यात तिला प्रायोगिक म्हणाले.

भरताचं नाट्यशास्त्र मात्र मला मनापासून आवडलं. या माणसाने मंडई पाहिली असणार. नाटकगृह किती हात लांब, किती हात रुंद, इथपासून तो सुरुवात करतो. नुसत्या डोळ्यांच्या ३६ दृष्टी आणि डोकं हलवण्याचे १३ प्रकार सांगतो. आणि सत्ताविसाव्या अध्यायात तो प्रेक्षकांकडे वळतो. प्रयोग चांगला झाला हे कसं ओळखायचं? प्रेक्षक हसतील, वाहवा करतील, हळहळतील, जागेवरून उठतील, अंगावरचं वस्त्र काढून देतील. त्याच अध्यायात प्रयोग बिघडवणाऱ्या संकटांची यादी आहे. वारा, आग, पाऊस, हत्ती, साप, वीज, किडे, मुंग्या. हत्तीपाशी वर्ग खुदखुदला. नाटकात हत्ती कुठून येणार?

२०२२ च्या हिवाळ्यात, मी तिसऱ्या वर्षाला असताना, रानहत्तींचा कळप गडचिरोली-गोंदियाकडून भंडारा जिल्ह्यात साकोलीच्या बाजूला आला. ऐन हंगामात. मी बातमी वर्गात वाचून दाखवली. भरतमुनींच्या यादीतलं काहीही त्यानंतर कुणी हसण्यावारी नेलं नाही.

त्याच यादीत माणसांनी मुद्दाम केलेले घातही आहेत. आरडाओरडा, शेण, ढेकळं, दगड. मी पदवी घेऊन बाहेर पडल्यावर, २०२४ च्या फेब्रुवारीत, ललित कला केंद्रात विद्यार्थ्यांचा एक प्रयोग चालू असताना गोंधळ घालून बंद पाडण्यात आला, आणि पोलिसांनी अटक केली ती विभागप्रमुखांना आणि विद्यार्थ्यांना. काकाजींनी पेपर दोनदा वाचला. त्यांचा प्रश्न एकच होता. "नाटक पाडाचा हक्क तिकीट काढनाऱ्याले असते. त्यायनं तिकीट काढलं होतं काय?" या प्रकरणावर बरंच लिहिलं गेलं, पण इतका स्वच्छ कायदेशीर मुद्दा मला कुठे दिसला नाही.

शेवटच्या वर्षी माझा स्वतःचा प्रयोग होता. पाऊण तासाचा, दोन पात्रं, एक स्टूल. बाबा रात्रभर गाडीत बसून पाहायला आले, गावाकडचा जाड स्वेटर आणि कानटोपी घालून, कारण नाटकाला जायचं म्हणजे तेच घालतात. प्रयोग संपला, दिवे लागले, टाळ्या झाल्या, माणसं चहाला गेली. बाबा बसून होते.

"दुसरा अंक कधी आहे?"

संपलं, मी म्हणालो.

बाबांनी कानटोपी काढली, थोडा वेळ स्टुलाकडे पाहिलं. मग उठले, खिशातून शंभराची नोट आणि वर रुपयाचं नाणं काढलं आणि पुणेकरांच्या देखत मंचावर येऊन माझ्या हातात ठेवलं. आमच्याकडे बक्षीस असंच देतात, फक्त तिथे माइकवर नाव पुकारतात. इथे माइक नव्हता, तेव्हा त्यांनी स्वतःच मोठ्याने सांगितलं, "वरठीवाल्यायकडून!" आमच्या सरांना सत्ताविसावा अध्याय आठवला असावा. ते उभे राहिले.

पदवी घेऊन मी वडशाला एका मंडळीत काम मागायला गेलो. मालकांनी प्रमाणपत्र उलटसुलट पाहिलं.

"नाटकात बी.ए. म्हणजे हार्मोनियम येते?"

नाही.

"नाच?"

थोडा.

"गाडीचं लायसन?"

ते होतं. मला घेतलं.

पहिल्या नाईटला इन्स्पेक्टरची भूमिका मिळाली. झाडीपट्टीत प्रॉम्प्टर हा नाटकाचा कणा असतो. नट रोज वेगळं नाटक करतात, पाठांतराला वेळ कुठला? विंगेतून प्रॉम्प्टर वाक्य सोडतो, नट ते उचलतो, फुलवतो, वर दोन स्वतःची घालतो. मला पुण्याने पाठांतर शिकवलेलं. मी सगळी वाक्यं मुखोद्गत करून गेलो आणि प्रॉम्प्टरने तोंड उघडायच्या आत बोलून मोकळा. समोरचा नट प्रॉम्प्टरच्या मागे, मी पुढे, आणि मधल्या मोकळ्या जागेत अख्खा प्रवेश. मी आरोपीला बेड्या घातल्या तेव्हा त्याने गुन्हा अजून केलेला नव्हता. विंगेतून प्रॉम्प्टरचा संतापलेला आवाज माइकने पकडला, "पुढे काहून पराले लागला बे?" प्रेक्षकांना वाटलं ते वाक्य आरोपीसाठी आहे. टाळ्या पडल्या. मंडळीने ते वाक्य नाटकात कायम ठेवलं.

२०२३ साली गडचिरोलीच्या परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली. झाडीपट्टीच्या नटाला पद्मश्री, म्हणून आमच्याकडे पेढे वाटले गेले. काकाजींनी पेढा देताना मला ऐकवलंच, "त्यायले कोनी सर्टिफिकेट मांगलं काय?" मी उत्तर दिलं नाही. पेढा तोंडात होता, शिवाय मुद्दा खरा होता.

तरी तीन वर्षं वाया गेली असं मला वाटत नाही. काकाजी मंचावर काय करायचे हे मला पुण्याला गेल्यावर दिसलं. ते वळून थांबायचे, मग नुसते डोळे वळायचे, आणि मग वाक्य. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं आणि ते कुणाला शिकवूही शकत नाहीत, विचारलं की चिडतात. साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी झाडीबोलीवर आणि इथल्या दंडार या लोकनाट्यावर पुस्तकं लिहिली नसती तर त्यातलं किती हरवलं असतं कोण जाणे. शिकलेल्यांनी पाहावं आणि न शिकलेल्यांनी करावं, ही वाटणी मात्र मला पटत नाही. नाट्यशास्त्राच्या प्रत्येक विभागाने एक हिवाळा आपली मुलं वडशाला पाठवावीत. त्यांना हजार माणसं पहाटेपर्यंत जागी ठेवायला सांगावं. जो ठेवेल तो पास.

वाचकांनाही माझं तेच सांगणं आहे. हंगाम भाऊबीजेला सुरू होतो. या. स्वेटर, कानटोपी आणि बसायला सतरंजी आणा, ट्रॅक्टर रस्त्यात लावू नका, आणि पहिला अंक संपल्यावर उठू नका. आमच्याकडे असं उठणाऱ्याला प्रकृती बरी नसेल असं समजून दवाखान्यात नेतात.