अतितातडीची पुडकी

गळिताच्या हंगामात पुणे–सोलापूर महामार्गावर, पाटसच्या अलीकडे, उसाने शिगोशीग लादलेल्या जोडट्रॉलीच्या मागे ज्याने घटकाभर मुकाट्याने काढली आहे, त्याला इंटरनेटवरील पॅकेटांच्या अग्रक्रमाचे शास्त्र शिकवण्याची तसदी कोणत्याही अभियंत्याने घेण्याचे कारण नाही. आपला मजकूर, आवाज वा चित्रपट अखंड न जाता बहुधा १५०० बाइटांच्या आतल्या पुडक्यांत मोडून जातो, आणि वाट अरुंद झाली की ही पुडकी राउटर नामक कारकुनाच्या दारी रांग धरतात. तेथे बोलण्याची चिमुकली पुडकी आधी सोडून चित्रपटाची अवजड पुडकी अंमळ रोखली, तर चित्रपटाचे काही बिघडत नाही आणि बोलणाऱ्याचे शब्द तुटत नाहीत. रस्ता मात्र त्यामुळे वीतभरही रुंदावत नाही. थांबावे कोणी, एवढेच काय ते ठरते.

अडचण अशी की, आपली तातडी पुडक्याने स्वमुखेच सांगायची असते. १९८१ च्या नियमावलीने प्रत्येक पुडक्याच्या कपाळी तीन बिट राखून, ‘नित्याचे’ येथून चढत जाणाऱ्या आठ पायऱ्या बहाल केल्या. १९९८ मध्ये बिट सहा झाले आणि चौसष्ट खुणांची सोय झाली. सरकारी दप्तरात ‘तातडीचे’ हा शिक्का रूढ होताच ‘अतितातडीचे’ हा शिक्का करवून घ्यावा लागतो, आणि मग बिनशिक्क्याचा कागद बापडा तळाशी जातो, हे ज्यांस ठाऊक आहे त्यांस पुढील कथा सांगणे नलगे. मोटारींवरील लाल दिवाही सरतेशेवटी १ मे २०१७ पासून उतरवावा लागला. परक्या पुडक्याच्या कपाळीचा टिळा आपल्या उंबरठ्यावरच पुसून टाकण्याचा शिरस्ता अनेक सेवादात्यांनी त्याच शहाणपणाने पाडला आहे.

टिळा पैशाने विकण्याची कल्पनाही निघाली होतीच. जुलै २०१८ मध्ये केंद्र सरकारने सर्व पुडक्यांना समान वागणुकीचे तत्त्व मान्य केले. तरी २०२० च्या जुलैत, जादा दर भरणाऱ्यास जादा वेग देऊ करणाऱ्या योजना दूरसंचार नियामक ‘ट्राय’ला रोखाव्या लागल्या. आमच्या शिवारात याचे नवल कोणास वाटणार? ऊसतोडणीची क्रमपाळी लागवडीच्या तारखेप्रमाणे चालते असे नोंदवहीत लिहिलेले असते. परंतु टोळी अमक्याच्या फडात आधी का उतरली, हे नोंदवहीस न विचारता तोडणीची चिठ्ठी फाडणाऱ्या कारखान्याच्या चिटबॉयला विचारावे, एवढे व्यवहारज्ञान येथील शेंबड्या पोरालाही असते.

आमच्या घरचे चिटबॉयपद चिरंजीव पुतण्याकडे आहे. परवा वहिनीसाहेबांचे पुण्यातील लेकीशी बोलणे ‘अगं, तुला ऐकू...’ येथेच तिसऱ्यांदा तुटले, तेव्हा मी राउटराच्या कारभाराची झडती घेतली. अग्रक्रमाची यादी सुवाच्य होती. पहिली ओळ ‘अभ्यास’, आणि तिच्यापुढे ज्या उपकरणाचे नाव होते, त्यावर त्या क्षणी बंदुकांचे बार उडत होते, दुसरी ओळ ‘आई’, तिसरी ‘टीव्ही’, आणि तळाशी, कंसात, ‘काका (उरल्यास)’.

मी जाब विचारला. “काका, तुमचा लेख म्हणजे नुसता मजकूर, त्याला कसली आलीय घाई?” असे शास्त्रशुद्ध उत्तर मिळाले, आणि ते खोडून काढणे मला साधले नाही. सबब, प्रस्तुत सदर संपादकमहाशयांच्या हाती विलंबाने पडल्यास, पाटस मुक्कामी अभ्यास जोरात चालू आहे, असे समजून क्षमा असावी.