आतून की बाहेरून?

नेटवर्कमधलं सगळं कळणारा हा गृहस्थ तुमच्याही ओळखीत असणारच. कुणाकडे जेवायला गेला तरी पानावर बसण्याआधी राउटर कुठे ठेवलाय ते बघतो. आमच्या सावेडीत त्यांना नाना म्हणतात.

मेल येत नाही म्हणा, नाना विचारणार, "आतून की बाहेरून?" म्हणजे ऑफिसच्या वायफायवरून बघितलंत की मोबाइलच्या डेटावरून? प्रश्न चोख आहे. काही राउटर आतल्या माणसाला बाहेरच्या पत्त्यावरून पुन्हा आत घेत नाहीत. सर्व्हर ठणठणीत असतो, आतल्यांना मात्र मेल्यासारखा वाटतो. पण पोट दुखतंय म्हटलं तरी "आतून की बाहेरून?" भाच्याला मुलगी मिळाली, तरी तेच! 2024 मध्ये जिल्ह्याचं अहिल्यानगर झालं, तेव्हा तेवढे वेगळं बोलले, "डीएनएस पसरायला वेळ लागतो. जुन्या कॅशमध्ये नगरच राहणार."

मार्चअखेरीला एका पतसंस्थेचं मेल बंद पडलं. नानांनी चेअरमनना समजावलं, "राउटर म्हणजे माळीवाडा वेस. 25 नंबर सांगणारा टपाल घेऊन आलाय, 993 वाला पेटी उघडायला. कुणाला कुठल्या घरी धाडायचं, ते पहारेकऱ्याला आधी सांगून ठेवावं लागतं." सांगितलेलं होतं, घर बदललं होतं. लाइट गेली, राउटर पुन्हा चालू झाला आणि त्याने सर्व्हरला नवा पत्ता दिला. जुना 192.168.1.20 गेला प्रिंटरकडे. रात्रभर साऱ्या जगाची पत्रं प्रिंटरच्या दारात उभी! नानांनी सर्व्हरचा पत्ता कायमचा बांधून दिला. वर दिलासा, "पत्रं बुडत नाहीत. पाठवणारा सर्व्हर चार-पाच दिवस पुन्हा पुन्हा येऊन बघतो." पैसे घेतले नाहीत. चहा दोनदा घेतला.

घरीही त्यांनी स्वतःचा मेल सर्व्हर थाटलाय, स्टॅटिक आयपीचे जादा पैसे भरून. लॉगमध्ये रात्रंदिवस कुठकुठले बॉट 'ॲडमिन'चा पासवर्ड चाचपत असतात. खरं टपाल म्हणजे वीजबिल. मुलगा हिंजवडीत. त्यालाही घरच्या डोमेनवर पत्ता काढून दिलाय. त्या पेटीत नानांनीच पाठवलेली पत्रं आहेत, विषय 'टेस्ट'. पहिल्या काहींत मजकूरही 'टेस्ट'च. पुढच्यांत पाऊस, आईचा गुडघा, गच्चीची गळती.

दिवाळीला पोरगा आला. चपला काढता काढता म्हणाला, "बाबा, वायफायचा पासवर्ड?"

नानांनी तो मेलने पाठवला.