ओसाकाची काकू

जपानला निघालेल्या माणसाला आपल्याकडे आधीच भरपूर पढवून ठेवलेलं असतं. ट्रेनमध्ये मोठ्याने बोलायचं नाही, फोनवर तर नाहीच. टिप द्यायची नाही. रस्त्याने चालता चालता खायचं नाही. कोणी आपणहून बोलायला येणार नाही, आपणही जायचं नाही. बिचारा तोक्योत हे सगळं पाळतो, सरकत्या जिन्यावर मुकाट डाव्या अंगाला उभा राहायला शिकतो आणि शिंकान्सेनने अडीच तासांत ओसाकाला उतरतो. तिथे जिन्यावर सगळे उजव्या अंगाला उभे! आणि समोरून काकू येते.

जपानीत तिला ‘ओबाचान’ म्हणतात. वय साठीच्या अलीकडे-पलीकडे. केस घट्ट कुरळे केलेले, क्वचित त्यांना जांभळट झाक. अंगात बिबट्याच्या ठिपक्यांचा टॉप. ठिपक्यांवर समाधान नसेल तर छातीवर अख्खा वाघ असतो, जबडा उघडलेला, डोळ्यांच्या जागी चमचमते खडे. बोलताना काकूकडे बघावं की वाघाकडे, हे नवख्याला उमगत नाही. वाघाचा विषय मात्र जपून काढावा, कारण हान्शिन टायगर्स हा इथला बेसबॉलचा संघ. १९८५ साली तो जिंकला तेव्हा एकेका खेळाडूसारखा दिसणारा एकेक चाहता दोतोनबोरीच्या कालव्यात उडी घेऊ लागला. दाढीवाल्या अमेरिकन रँडी बासचा तोतया काही मिळेना, म्हणून केंटकी चिकनच्या दुकानासमोरचा कर्नल सँडर्सचा पुतळाच उचलून पाण्यात टाकला. पुढची अनेक वर्षं संघ हरत राहिला आणि खापर कर्नलच्या शापावर फुटलं. २००९ साली पुतळा गाळातून निघाला, तरी पुन्हा जपानचं अजिंक्यपद मिळायला २०२३ उजाडलं. हे सगळं काकू अशा आवेशात सांगते की पुतळ्याचा एक पाय तिने धरला होता असं वाटावं.

तिचं खरं हत्यार पिशवीत असतं. आत एक चेन लावलेला बटवा, आणि बटव्यात गोळ्या. आंबटगोड प्लमच्या, दुधाच्या, काकवीच्या चवीच्या काळ्या कुळकुळीत. शेजारचा प्रवासी खोकला, गोळी. पोर रडलं, गोळी. तुम्ही नकाशा उलटा धरलात, गोळी. नको म्हणायची सोय नाही. ती तळहात उघडून त्यावर ठेवते आणि बोटं मिटवते. हे निव्वळ वात्सल्य आहे असं समजून भोळा प्रवासी भारावतो. मला तसं वाटत नाही. ओसाका हे पिढीजात व्यापाऱ्यांचं गाव, १७३० सालापासून इथल्या दोजिमा बाजारात तांदळाचे वायदे अधिकृतपणे चालत. इथे फुकट काही नसतं. गोळी हा इसार, सौदा गप्पांचा. गोळी तोंडात गेली की चौकशी सुरू: कुठले, लग्न झालंय का, मुलं किती, आई एकटीच आहे का घरी? तुम्हाला जपानी येत नाही ही तिच्या लेखी अडचणच नव्हे. ती आवाज थोडा वाढवते, बस्स.

पत्ता विचारावा तर तिलाच. तोक्योतला भला माणूस फोन काढून नकाशा दाखवील, वाकेल आणि जाईल. काकू सायकलवरून उतरते. सायकलच्या हँडलला छत्री उभी करून बसवायचा खास दांडा असतो, त्यामुळे पावसात तिचे दोन्ही हात मोकळे राहतात, अर्थात हातवाऱ्यांसाठी. डावीकडे, मग औषधाच्या दुकानापाशी उजवीकडे, त्या दुकानात घेऊ नका, महाग आहे, पुढचं बघा. इतका छातीठोक तपशील देऊन झाला की शेवटी सहज म्हणते, ‘मला काही नक्की ठाऊक नाही हं!’ आणि मग स्वतःच सोबत निघते. तेन्जिनबाशीसुजी ही छपराखालची बाजारपेठ अडीच किलोमीटरच्या वर लांब आहे. काकूबरोबर ती पार करायला अख्खी दुपार पुरत नाही.

आपल्यातला कोणी शाकाहारी असला की तिला विशेष चेव येतो. मांस नको? ती ओकोनोमियाकीवाल्याला दम देऊन डुकराचं मांस काढायला लावते. घावनासारखं ते प्रकरण ताटात येतं तेव्हा वर सुक्या माशाचे पापुद्रे वाफेने नाचत असतात. तिच्या हिशेबी तो मासा नव्हे, चव. पिठात माशाचं पाणी असतं हे सांगण्याची तर तिला गरजच वाटत नाही. फारच हट्ट धरलात तर कोन्न्याकूकडे बोट दाखवते. हा आपल्या सुरणाच्याच कुळातल्या कंदाचा रबरासारखा लिबलिबीत ठोकळा. तोही बऱ्याचदा माशाच्याच रश्श्यात शिजलेला.

मात्र तिच्या टॉपची तारीफ करायची तर उत्तरं आधी घोकून ठेवावीत. ‘छान आहे’ म्हटलं की ती लगेच विचारते, ‘सांगा बघू, कितीला असेल?’ इथे खरा अंदाज सांगणं हा उद्धटपणा. दुप्पट सांगावं. मग ती विजयी मुद्रेने खरी किंमत सांगते आणि तुम्ही चकित व्हायचं असतं. तोक्योतल्या बाईला वस्तू महाग घेतल्याचा अभिमान, हिला स्वस्त मिळवल्याचा. निदान ओसाकात तरी असंच सांगतात.

उलट प्रश्नाला प्रवासी तयार नसतो. लूप लाइनच्या गाडीत ती सहज विचारते, हॉटेलला किती मोजले? तो खरं सांगतो. काकू छातीवरच्या वाघावर हात ठेवते. ‘एका रात्रीचे?’ पलीकडच्या बाकावरची दुसरी बिबट्यावाली वळते. तिच्या मते नाश्ता धरून असतील. नसतो? मग फसवलं की पोराला! तिसरी आपल्या पुतण्याचं लॉज सुचवते, पहिली त्या लॉजच्या गाद्यांवर शेरा मारते, आणि प्रकरण गाद्यांवरून पुतण्याच्या बायकोवर जातं. तेवढ्यात स्टेशन येतं. तिघी मिळून त्याला दाराकडे ढकलतात, हातात आणखी गोळ्या कोंबतात. तो फलाटावर उतरतो तोवर त्याच्या खोलीचं भाडं अख्ख्या डब्याला पाठ झालेलं असतं.