नजरअंदाज

आमच्या लातूर जिल्ह्यात हत्ती एकच: उदगीर तालुक्यात देवर्जनजवळचं हत्तीबेट. डोंगरच तो. पीक तुडवत नाही, चारा मागत नाही, म्हणून वनखात्यालाही त्याचा त्रास नाही. शेजारी नांदेडला निदान किनवट-माहूरचं जंगल आहे, पैनगंगा अभयारण्य आहे. पण हत्तीच्या नावानं तिथंही शून्यच.

ऑक्टोबर 2025 मध्ये देशातल्या रानटी हत्तींचा डीएनएवरून काढलेला पहिला आकडा जाहीर झाला. 22,446. त्यात महाराष्ट्राच्या वाट्याला 63. सिंधुदुर्गात ते 2002 पासून कर्नाटकातून उतरतात, गडचिरोलीत 2021 साली छत्तीसगडकडून कळप आला. म्हणजे कोकणाला मिळाले, विदर्भाला मिळाले, मराठवाड्याचा अनुशेष हत्तींतही कायम! मागणी करायची तर वैधानिक विकास मंडळाची मुदतच 2020 मध्ये संपलेली.

ते जाऊ द्या. मला हेवा वाटला तो मोजणीचा. माणसं साडेसहा लाखांहून जास्त किलोमीटर पायी हिंडली. लिदीचे 21,056 नमुने गोळा केले. ताज्या लिदीवर हत्तीच्या आतड्यातल्या पेशी चिकटलेल्या असतात, त्यांतून डीएनए काढला आणि 4,065 वेगवेगळे हत्ती ओळखले. पुढचा हिशेब संख्याशास्त्राचा. आणि एवढं करूनही ही मोजणी करणारे डेहराडूनचे शास्त्रज्ञ म्हणतात, खरा आकडा 18,255 ते 26,645 यांच्या मध्ये कुठंतरी असेल. काय हा प्रांजळपणा!

2017 च्या गणनेत हत्ती 29,964 होते. मग साडेसात हजार गेले कुठं? उत्तर आलं, पद्धत बदलली, तुलना करू नका. हे उत्तर आम्हाला ओळखीचं आहे. 2016 साली केंद्रानं दुष्काळाची नियमावली बदलली, तेव्हापासून विहीर कोरडी असली तरी दुष्काळ निकषात बसावा लागतो.

आमच्या पिकाची मोजणी कशी होते? पीक रुपयात किती पैसे आलं ते ठरवायचं: आधी नजरअंदाज पैसेवारी, मग सुधारित, मग अंतिम. पहिलीचं नावच किती खरं ठेवलंय बघा. इथं 18 हजार ते 26 हजार असलं काही नाही. 49 पैसे आले तर महसुलात सूट, पोरांची परीक्षा फी माफ, वीजबिलात सवलत, असल्या गोष्टींची आशा तरी. 51 आले की गावात सुकाळ. दोन पैशांची चूक कुणाची, हे विचारायची सोय नाही.

2025 च्या सप्टेंबरात मामाच्या रानात गुडघाभर पाणी होतं. सोयाबीनच्या शेंगांना झाडावरच कोंब फुटलेले. पंचनाम्याचे साहेब बांधावर उभे, पँट दुमडलेली, हातात मोबाईल. मामा म्हणाला, "साहेब, खाली उतरून एक शेंग तरी फोडून बघा की."

"दिसतंय की इथून."

फोटो निघाला. त्यात मामा, आभाळ आणि पाणी होतं. शेंग नव्हती.

तर साहेब, पुढच्या पंचनाम्याला याल तेव्हा एवढंच करा. हत्तीच्या लिदीपाशी माणसं वाकली, तुम्ही शेंगेपाशी वाका. बूट आम्ही धरतो.