अर्धा स्टॉप कमी

मे महिना, दुपारचे बारा. मेणवलीच्या घाटाच्या पायऱ्या इतक्या तापल्यात की नवरी मुलगी एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर टाकत उभी आहे. गावातली कुत्री वाड्याच्या भिंतीच्या चतकोर सावलीत जीभ काढून पडली आहेत. अशा वेळी काळा टी-शर्ट घातलेले एक गृहस्थ डोळे बारीक करून आकाशाकडे बघतात आणि म्हणतात, "लाइट कमी पडतोय."

हे आमचे दादा. आईवडिलांनी त्यांना नाव ठेवलं असणारच, पण लग्नघरात फोटोग्राफरला नाव नसतं. नवरीच्या आजीपासून मांडववाल्यापर्यंत सगळे "ओ दादा" म्हणतात आणि तेही त्यालाच ओ देतात. वाई, भोर, मुळशी, काशीद, जिथे जिथे लग्नाआधी जोडप्यांना फोटोसाठी नेतात तिथे तिथे असे एक दादा हमखास भेटतात. नुसता कॅमेरा गळ्यात अडकवून येणारे, झाडाच्या सावलीत चार फोटो काढून चहा प्यायला मोकळे होणारेही असतात. दादा त्यांना "अव्हेलेबल लाइटवाले" म्हणतात. "त्यांचा धाकटा सध्या घरीच असतो" हे वाक्य आपल्याकडे ज्या सुरात म्हणतात, अगदी त्याच सुरात.

दादांच्या गाडीची डिकी उघडली की आधी तीन स्टँड बाहेर घरंगळतात. मग छत्रीसारखा उघडणारा चार फुटी ऑक्टाबॉक्स, दोनशे वॉटसेकंदांचे दोन फ्लॅश, ते जुळे करून बसवायचा ब्रॅकेट, ट्रिगर, एका प्लास्टिकच्या पाकिटात नारिंगी आणि निळ्या जेलचे तुकडे, चिकटपट्टी, कपडे वाळत घालायचे चिमटे आणि एक पांढरीशुभ्र डबलबेडची चादर. सावलीतली बाजू उजळायला चादर उत्तम. वहिनींची समजूत अशी की ती चादर कपाटात आहे.

हे सगळं पायऱ्यांवर मांडून होईपर्यंत मुलीच्या काकांना राहवत नाही. ते विचारतात, "एवढं ऊन आहे की हो, मग हे कशाला?"

हा प्रश्न दादांना विचारायचा नसतो.

"काका, ऊन डोक्यावरून येतंय. बघा तिच्याकडे. डोळ्यांच्या खोबणीत काळोख. नथीची सावली कुठं पडलीय? ओठावर. मिशी दिसतेय." मुलगी दचकून ओठाला हात लावते. "म्हणून सूर्य पाठीमागं घ्यायचा. केसांना कड मिळते, जावईबापूंचे डोळे मिचमिचत नाहीत. पण मग चेहरा काळा पडतो. तो उजळायला फ्लॅश. आणि तो कॅमेऱ्यावर बसवायचा नाही! समोरून थोबाडीत मारल्यासारखा लागतो, नाक गालात विरून जातं. बाजूला न्यायचा, डोळ्यांच्या वर चढवायचा, खाली झुकवायचा."

इथं थांबले असते तर काका सुखानं सरबताकडे गेले असते. पण दादा आता शटरवर आलेले असतात. कॅमेऱ्याच्या शटरला दोन पडदे असतात. १/२०० सेकंदाच्या आसपास एक मर्यादा असते, त्याहून वेगात गेलं की दोन्ही पडदे एका वेळी पूर्ण उघडे राहत नाहीत आणि फोटोत काळा पट्टा उमटतो. म्हणजे शटर १/२०० ला अडकलं. आयएसओ १००. आता एवढ्या उन्हात ॲपर्चर जातं एफ/११ वर, आणि मागचं आकाश गडद निळं हवं असेल तर एफ/१६ वर. एफ/१६ ला चेहरा उजळायचा तर फ्लॅशनं सगळी ताकद ओतावी लागते. म्हणून दोन. हायस्पीड सिंक आहे, पण त्यात पावर खाल्ली जाते. "आणि काका, मुख्य गोष्ट. शटर बदललं की फक्त आकाश बदलतं. फ्लॅशला शटरशी देणंघेणं नाही, तो मधल्यामधे पेटून विझलेला असतो. ॲपर्चर बदललं की दोन्ही बदलतं. हे ज्याला कळलं त्याला सगळं कळलं."

काका "हो का?" म्हणतात. जेवायची सोय कुठे आहे हे विचारायच्या आधी काहीतरी बोलावं म्हणून त्यांनी तोंड उघडलं होतं.

दादांचं हे ज्ञान खोटं नाही, हे आधी कबूल केलं पाहिजे. त्यातलं अक्षर न् अक्षर बरोबर असतं. फक्त ते ऐकायला उन्हात उभं राहावं लागतं.

घाटावर ती प्रसिद्ध पोर्तुगीज घंटा आहे. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई घेतली, त्या विजयाची ही खूण. घंटेखाली एक फोटो हवाच, असा मुलाच्या वडिलांचा आग्रह. ते वसईच्या मोहिमेपासून नाना फडणवीसांच्या वाड्यापर्यंत सगळा इतिहास सांगतात. दादा मन लावून ऐकतात, घंटेभोवती एक चक्कर मारतात आणि म्हणतात, "धातू आहे. हायलाइट उडणार." इतिहासाशी त्यांचं भांडण नाही, फक्त तो चमकू नये.

त्यांचा स्वतःचा इतिहास वेगळा आहे आणि त्यात एकच महापुरुष आहे. दादांच्या मोबाइलच्या पडद्यावर ना गणपती ना पोरांचे फोटो. तिथे एक सफरचंद आहे, आरपार गोळी गेलेलं, दोन्हीकडून फुटलेलं. अमेरिकेत एमआयटीमध्ये प्राध्यापक असलेल्या हॅरॉल्ड एजर्टन यांनी १९६४ साली टिपलेलं. विजेच्या लखलखाटानं क्षण गोठवायचं काम त्यांनी १९३० च्या दशकापासून चालवलं होतं, आणि दुसऱ्या महायुद्धात त्यांचेच राक्षसी फ्लॅश विमानात बसवून रात्रीच्या अंधारात खालच्या मुलखाचे फोटो घेतले गेले, नॉर्मंडीच्या चढाईआधीसुद्धा. ही कथा दादा बॅटरी बदलताना सांगतात, आणि ती संपते ती अशी: "ज्या तत्त्वावर त्यांनी जर्मन सैन्य शोधलं, त्याच तत्त्वावर मी तुमची हनुवटी शोधतोय. जरा खाली घ्या."

आता बारक्या. दादांच्या शास्त्राचा सगळा भार प्रत्यक्षात ज्याच्या खांद्यावर असतो तो हा. अठराएक वर्षांचा, बारीक अंगाचा, डोक्याला रुमाल बांधलेला. ऑक्टाबॉक्स म्हणजे चार फुटी शीडच, नदीवरून वारा आला की स्टँडसकट निघाला वाईच्या दिशेला. त्यासाठी वाळूच्या पिशव्या विकत मिळतात, स्टँडच्या पायावर ठेवायच्या. दादांकडे त्या आहेत, घरी. त्यांचं म्हणणं, वाळूची पिशवी कोण उचलणार? बारक्याच. मग सरळ बारक्यालाच उभा केलेला काय वाईट! पिशवी "डावीकडे" म्हटल्यावर डावीकडे सरकत नाही, आणि बारक्या वडापाववर चालतो.

या दोघांची भाषा तिसऱ्याला कळत नाही.

"बारक्या, किती कमी वाटतंय?"

"अर्धा."

"ये पुढं."

आणि बारक्या एक पाऊल पुढे येतो, मोजून एक. उजेडाचा नियम असा की अंतर दुप्पट झालं की तो चौथाई उरतो. एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट; सात फुटांवरचा दिवा सहा फुटांवर आणला की जवळजवळ अर्धा स्टॉप वाढतो. हे गणित बारक्याला कुणी फळ्यावर शिकवलेलं नाही. पाऊल चुकलं तर दादा चारचौघांत काय म्हणतात हे त्याला ठाऊक आहे, तेवढ्यावर तो न्यूटनच्या वरताण चालतो. मला विचाराल तर त्या कंपूतला खरा लाइटमीटर तोच.

दादांचा नैसर्गिक शत्रू म्हणजे चौकीदार. पुरातत्त्व खात्याच्या ताब्यातल्या किल्ल्यांत, लेण्यांत ट्रायपॉड लावायला परवानगी लागते, आणि दादा ती काढतात तेव्हा नेमका बारक्या ती झेरॉक्स दुसऱ्या बॅगेत विसरतो. मग संवाद होतो.

"ट्रायपॉड चालणार नाही."

"हा ट्रायपॉड नाही हो, लाइट स्टँड आहे."

"पाय किती?"

"तीन."

"मग?"

या प्रश्नाला एजर्टनकडेही उत्तर नसतं. स्टँड मिटतो, बारक्या दिवा एका काठीला बांधून हातात उंच धरतो, आणि चौकीदार समाधानानं खुर्चीत बसतो. काठीला पाय नसतात.

दुसरा शत्रू म्हणजे नवऱ्या मुलाचा चष्मा. दोन्ही काचांमध्ये ऑक्टाबॉक्सचे दोन पांढरे अष्टकोन! दिवा उंच करायचा, मान किंचित वाकवायची, चष्म्याच्या काड्या कानावरून नखभर वर उचलायच्या म्हणजे काचा खाली झुकतात. मुलाची आई म्हणते, "काढूनच टाक ना रे चष्मा." दादा हळू आवाजात सांगतात की मग नाकावरच्या खुणा दिसतील. मुलीला या सगळ्या वेळात कळतं की आपण ज्याच्याशी लग्न करतोय त्याला चष्म्याशिवाय आपण नीट दिसत नाही. पण ते त्यांचं त्यांनी बघावं.

याउलट डोळ्यांत पडलेलं प्रतिबिंब दादांना प्राणाहून प्रिय. बुबुळात तो पांढरा ठिपका नसला तर माणूस मेल्यासारखा दिसतो, असं त्यांचं मत आहे. सवय इतकी वाईट की वर्तमानपत्रातल्या नटीच्या डोळ्यांत बघून ते सांगतात, "चौकोनी आहे, सॉफ्टबॉक्स. खालून रिफ्लेक्टर." आमच्या गल्लीतले एक आजोबा गेले तेव्हा दहाव्याला दादा आले. हार घातलेल्या फोटोसमोर हात जोडून बराच वेळ उभे राहिले. घरच्यांना भरून आलं. वळले तेव्हा कुजबुजले, "दोन छत्र्या. दोन्ही बाजूंनी सारख्या. जुनी स्टुडिओ पद्धत."

हल्ली मात्र एक नवीनच जमात उपटली आहे: मोबाइलवाले भाचे. दादा तासभर खपून लाइट लावतात आणि मुलीचा भाचा नेमका त्यांच्या खांद्यामागून मोबाइलवर तोच फोटो काढून स्टेटसला टाकायला बघतो. पण भाच्याच्या फोटोत जोडपं काळंठिक्कर. "दादा, तुमचा लाइट माझ्यात का येत नाय?" आता फ्लॅश ज्याच्या ट्रिगरनं पेटायचा त्याच्याच शटरशी जुळतो, हे सांगायला दादांना किती वेळ लागला असता? एक वाक्य. पण वर्षभर सगळ्यांना सगळं समजावणारा हा माणूस तेवढ्या एका प्रश्नाला नुसता हसतो आणि पुढचा फोटो काढतो.

सूर्य कलला की दादा वेगळेच होतात. आवाज उतरतो, बारक्याला "बाळा" म्हणतात. फ्लॅशवर नारिंगी जेल चिकटवतात, कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स पिवळ्या बल्बवर आणतात. नारिंगी उजेडातला चेहरा त्यामुळे अंगच्या रंगाचा दिसतो आणि मागचं मळकट राखाडी आकाश गर्द निळं होऊन जातं. कृष्णेचं पाणीही निळं. पैठणीच्या जरीवर एक सोनेरी रेघ. दिवसभर घामानं निथळलेली ती दोन माणसं एकदम कुठल्यातरी जुन्या संस्थानातली वाटायला लागतात. खरं सांगायचं तर हे पाहिलं की दादांचं दिवसभराचं व्याख्यान मी माफ करतो.

महिन्याभरानं अल्बम येतो. मुलीची आई चष्मा लावून पानं उलटते, त्या निळ्या फोटोपाशी थांबते आणि कौतुकानं म्हणते, "किती नॅचरल आलाय गं! त्या दिवशी उजेडच छान होता."

दादा समोर बसलेले असतात. त्यांच्या चेहऱ्यावर तेव्हा काय दिसतं हे सांगणं अवघड आहे. दिवा लावलाय हे कळता कामा नये, हाच त्यांच्या धंद्याचा पहिला धडा. तो धडा त्यांनी इतका घोटलाय की चारशे वॉटसेकंद, तीन स्टँड, एक चादर आणि एक बारक्या एवढं सगळं त्या फोटोतून बेपत्ता झालंय. ही शंभर टक्के पावती आहे. पण पावतीवर नाव सूर्याचं.

तेव्हा तुमच्या घरी कार्य ठरलं असेल आणि असे दादा येणार असतील, तर दोन विनंत्या. अल्बम बघताना उन्हाचं कौतुक करू नका. आणि शूटिंगच्या दिवशी जेवायला बारक्याला आधी वाढा. चारच्या सुमाराला नदीवर वारा सुटतो.