लोकांना काय सांगायचं?

बारावीच्या निकालानंतर ज्यांना नव्वदच्या वर टक्के पडतात त्यांना आमच्याकडे कुणी काही विचारत नाही आणि ज्यांना पंचेचाळीसच्या आत पडतात त्यांनाही नाही. पहिल्यांचं ठरलेलं असतं, दुसऱ्यांचं घरच्यांनी ठरवून टाकलेलं असतं. खरा घोळ होतो तो चांगले मार्क पडूनही आर्ट्सला जाणाऱ्या मुलांचा. माझी सांगलीची भाची त्यातली. अकरावीला तिने आर्ट्स घेतलं तेव्हाच घरात एक छोटंसं सुतक पाळून झालं होतं, त्यामुळे आता नव्याने रडारड होणार नाही अशी सगळ्यांची समजूत होती. पण तिने जाहीर केलं की घेतलं तर तत्त्वज्ञान घेऊन बी.ए., नाहीतर बी.एस.डब्ल्यू., म्हणजे समाजकार्य. तिसरं काही नाही.

दाजींचा, म्हणजे तिच्या वडिलांचा, फोन मला साताऱ्याला आला. दाजींचं गणपती पेठेत किराणा आणि मसाल्याचं दुकान आहे. दोन्ही विषयांवर त्यांचा राग नव्हता, त्यांची अडचण निराळीच होती. "तिला काय शिकायचं ते शिकू दे हो," ते म्हणाले, "पण लोकांना काय सांगायचं?"

ही अडचण हसण्यावारी नेण्यासारखी नाही. शिकतात मुलं, पण ते सांगत फिरावं लागतं आईबापांना. लग्नात, बाराव्याला, एसटीत, रसवंतीच्या बाकड्यावर. 'इंजिनिअरिंग' म्हटलं की समोरचा पुढे काही विचारत नाही. 'तत्त्वज्ञान' म्हटलं की तो आधी गप्प होतो, मग जवळ सरकून हलक्या आवाजात विचारतो, "घरात काही झालं होतं का?" आणि 'समाजकार्य' म्हटलं तर त्याचे डोळे एकदम चमकतात: "कुठल्या पक्षाकडून?"

माझ्या आईचा दोन्हीला विरोध होता, पण तो तत्त्वाचा नव्हता, पैशाचा होता. समाजकार्याला फी कशाला भरायची? आमच्या वडिलांनी जन्मभर भावकीची भांडणं मिटवली, चहाचे पैसेसुद्धा खिशातलेच गेले. आणि तत्त्वज्ञान तर वयाबरोबर आपोआप येतं. घाई असेल तर गोंदवल्याला जाऊन आठ दिवस राहावं, जेवणही मिळतं.

दाजींना वाटत होतं की पोरीने हे खूळ मोबाइलवरून कुठून तरी उचललंय. मी त्यांना म्हटलं, दाजी, हे पीक आपल्याच मातीतलं आहे. टेंभू माहीत आहे ना? टेंभू म्हटल्यावर ते खुलले. साहजिक आहे. कराडच्या खाली कृष्णेचं पाणी उचलून कडेगाव, खानापूर, आटपाडीपर्यंत नेणारी ती उपसा योजना. खानापूर-आटपाडीकडच्या माणसाला टेंभूचं आवर्तन कधी सुटणार हे पंचांगापेक्षा जास्त पाठ असतं. पण त्याच टेंभूत १८५६ साली गोपाळ गणेश आगरकर जन्मले, हे सांगितल्यावर दाजी म्हणाले, "ते टिळकांबरोबरचे? ते पुण्याचे ना?" आमच्याकडे मोठा झालेला माणूस पुण्याचा धरतात.

आगरकर कराडच्या कचेरीत उमेदवारी करून, कंपाउंडरी करून, जमेल तिथे हातपाय मारत शिकले, मिल आणि स्पेन्सर वाचून एम.ए. झाले, आणि मोठ्या पगाराच्या नोकऱ्या समोर दिसत असताना आईला पत्र लिहून कळवून टाकलं की तशा सुखाची आशा धरू नकोस. पोटापुरतं मिळवीन, बाकीचा वेळ लोकांसाठी. पुढे हेच गृहस्थ 'सुधारक' साप्ताहिक काढून बसले आणि फर्ग्युसनचे प्राचार्यही झाले. लोकांनी त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. आता हा माणूस तत्त्वज्ञानाच्या खात्यात घालायचा की समाजकार्याच्या? मला राहून राहून त्या माउलीचं वाटतं. शेजारणीने पाणी भरताना विचारलं असेल, "काय म्हणतोय गोपाळ? लागला का कुठे?" तर तिने काय सांगितलं असेल?

नदी सोडून जरा बाजूला गेलं तरी हेच. इस्लामपूरचे आचार्य जावडेकर. एम.ए.चा अभ्यास चाललेला असताना १९२०ची असहकाराची हाक आली आणि पुस्तकं मिटली. मिटली म्हणजे काय, पुढे 'आधुनिक भारत' लिहिलं, म्हणजे ती उघडीच राहिली म्हणायची. फक्त परीक्षा राहून गेली. वरच्या अंगाला वाईला या. प्राज्ञपाठशाळेत न्याय आणि वेदान्त घोटलेले लक्ष्मणशास्त्री जोशी, तर्कतीर्थ पदवीचे, त्या पदवीवर सुखाने पूजाअर्चा आणि प्रवचनं करू शकले असते. ते अस्पृश्यता शास्त्राला धरून नाही हे शास्त्रातूनच सिद्ध करत बसले आणि तुरुंगातही जाऊन आले. म्हातारपणी मराठी विश्वकोशाचा संसार वाईत थाटला. त्या विश्वकोशात 'त' आणि 'स' यांच्यामध्ये कितीतरी जाडजूड खंड येतात. शास्त्रीबुवांनी स्वतः मात्र मधलं पान न उलटता 'त'वरून 'स'वर उडी मारली होती.

सगळेच असे उड्या मारणारे होते असं नाही. सांगलीच्या विलिंग्डन कॉलेजात शंभर वर्षांपूर्वी रा. द. रानडे तत्त्वज्ञान शिकवत. निंबाळचे गुरुदेव ते हेच. ते 'त'मध्ये खोल उतरले ते उतरलेच. उपनिषदं, संत, नामस्मरण. त्यांनी वस्तीचं सर्वेक्षण केलं नाही म्हणून कुणी त्यांना बोल लावला नाही, आणि लावूही नये.

आणि दुसऱ्या टोकाला कर्मवीर. भाऊराव पाटील शाळेत फार पुढे गेले नाहीत. ओगल्यांचे कंदील आणि किर्लोस्करांचे नांगर विकत गावोगाव हिंडले. मला त्यांच्या चरित्रातला हाच भाग सगळ्यात आवडतो. कंदील विकणाऱ्याला घरात शिरावं लागतं, कोनाडा कुठे आहे, रॉकेल परवडतं का, पोरं कुठे बसून वाचतात की वाचतच नाहीत, हे दिसतं. आजकाल ज्याला फील्डवर्क म्हणतात ते त्यांचं फिरतीच्या भत्त्यावर झालं. मग १९१९ला काल्याला रयत शिक्षण संस्था, १९२४ला साताऱ्यात बिऱ्हाड, धनिणीच्या बागेतलं वसतिगृह, सगळ्या जातींची पोरं एका पंगतीला. धान्य संपलं तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचं सोनं मोडलं. त्या क्षणी तिथे कुणी कांट आणि कर्तव्य असा विषय काढला असता तर बहुधा त्याला भाकरी थापायला बसवलं असतं.

ही सगळी नावं मी दाजींपुढे टाकली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "यातल्या किती जणांना पेन्शन होती?"

मग मी सांगलीला गेलो. भाचीने प्रकरण माझ्यापुढे मांडलं ते असं. २०१९च्या पुरात ती लहान होती. आयर्विन पुलापाशी ४० फुटांना इशारा आणि ४५ फुटांना धोका असतो हे सांगलीच्या पोराला पाढ्यांबरोबर येतं. त्या ऑगस्टात पाणी ५७ फुटांवर चढलं. गच्चीवरून तिने बोटी पाहिल्या. "बोटीत दहा मावतात आणि पंधरा उभे आहेत. आधी म्हातारी घ्यायची, का बाळंतीण, का जो सगळ्यात जास्त ओरडतोय तो? मामा, हे कुणी ठरवायचं? ते तत्त्वज्ञान. आणि बोट आणायची कुठून, ते समाजकार्य. मला दोन्ही पडलंय." त्या पुरात ब्रह्मनाळला बोट उलटून माणसं गेली, त्यामुळे या जिल्ह्यात हा प्रश्न पुस्तकातला नाही. मी काही बोललो नाही. मी स्वतः बी.कॉम. केलं, कारण माझे तीन मित्र बी.कॉम.ला गेले होते.

तिने बी.एस.डब्ल्यू.वाल्या एका मैत्रिणीबरोबर वस्तीवरही जाऊन पाहिलं होतं. मैत्रिणीच्या हातात छापील प्रश्नावली. घर पक्कं की कच्चं, नळ स्वतःचा की सार्वजनिक, कमावते किती. दारात बसलेल्या आजींनी दोन प्रश्नांची उत्तरं दिली आणि तिसऱ्यापासून सूत्रं हातात घेतली. तुम्ही कुठल्या? वडील काय करतात? जेवून आलात का? हे हिंडायचे पैसे मिळतात का? मिळत नाहीत म्हटल्यावर आजींना त्या दोघींची इतकी कणव आली की त्यांनी गूळ-शेंगदाणे आणून दिले. प्रश्नावली अर्धी राहिली. मैत्रिणीला काळजी पडली की अहवालात काय लिहायचं. भाचीला पडली की यात मदत कुणी कुणाला केली. मला वाटतं, तिचा विषय तिथेच ठरला होता. तिला तो अजून कळायचा होता इतकंच.

दाजी मात्र समाजकार्याच्या बाजूला झुकायला लागले होते, आणि त्यालाही पूरच कारण. पाणी ओसरल्यावर दुकानात गुडघाभर गाळ होता. धने, हळद, मिरची, सगळ्याचा मिळून एक नवाच मसाला झालेला, आणि त्याचा वास. कुठल्याशा कॉलेजची पोरं खराटे आणि पाट्या घेऊन आली, दिवसभर गाळ ओढला. त्यातला एक मुलगा काहीच काम करत नव्हता. दाजी फळीवर भिजलेल्या उधारीच्या वह्या घेऊन बसले होते, तो त्यांच्या शेजारी जाऊन बसला. एक एक पान सुटं करून वाळत घालू लागला. कोणाचं नाव वाचता येतं, कोणाचं गेलं, हे दोघं बघत होते. दाजी सांगतात, पोरांनी गाळ काढला नसता तर मी पैसे देऊन काढून घेतला असता, पण तो शेजारी बसला त्याचा हिशोब लागत नाही. तो मुलगा समाजकार्याचा होता की आळशी होता, हे त्यांनी विचारलं नाही.

त्या आठवड्यात दाजी स्वतःही तत्त्वज्ञ झाले होते. "आपलं काय असतं हो? नुसतं सांभाळायला दिलेलं असतं," असं गिऱ्हाइकाला सांगायचे. दिवाळीपर्यंत ते उतरलं. पाणी ओसरायला जेवढा वेळ लागला त्यापेक्षा थोडा जास्त लागला.

माझं मत विचाराल तर आधी तत्त्वज्ञान. एक तर एम.एस.डब्ल्यू.ला कुठल्याही शाखेचा पदवीधर चालतो, तेव्हा ते दार तीन-चार वर्षांनीही उघडंच राहतं. दुसरं म्हणजे, लोकांचं भलं करायला निघालेल्या माणसाला एक साथीचा रोग होतो: त्याला आपल्याविषयी शंका येणं बंद होतं. त्यावर प्लेटो, चार्वाक, बौद्ध आणि नैयायिकांची भांडणं, यांचा अठराव्या वर्षी एक डोस बसलेला बरा. कामाला लागल्यावर कुणी तो घेत नाही, वेळ नसतो. उलट बाजूने, नुसतं तत्त्वज्ञान घेऊन बसलेल्याला वर्षातून एकदा तरी गाळ काढायला न्यावं. त्यासाठी कॉलेजात राष्ट्रीय सेवा योजना आहे आणि कृष्णा नदी आहे. अर्थात तत्त्वज्ञान शिकवणारं कॉलेज आधी सापडायला हवं. असल्या विषयाला आमच्याकडे वर्गात बाकांपेक्षा मुलं कमी, आणि भाचीला नेमकं तेच आवडलं. म्हणाली, सर निदान नावाने ओळखतील.

फॉर्म भरला. बी.ए., विषय तत्त्वज्ञान. आईने देवापुढे साखर ठेवली. म्हणाली, विषय काय का असेना, पोरगी कॉलेजात चालली.

दाजींचा प्रश्न तेवढा शिल्लक होता. परवा विट्याला एका लग्नात पंगतीत शेजारच्या गृहस्थांनी तो विचारलाच: मुलगी काय करते? मी कान टवकारले. दाजी शब्द जुळवत म्हणाले, "तत्त्वज्ञान. म्हणजे समजा पूर आलाय, माणसं जास्त आहेत, बोट एकच आहे. तर आधी कुणाला घ्यायचं, त्याचं शिक्षण."

गृहस्थांनी जिलेबी मोडता मोडता विचार केला. "म्हणजे एनडीआरएफ?" ते म्हणाले. "चांगलंय की. सरकारी आहे."

दाजींनी माझ्याकडे एकदा पाहिलं, मठ्ठ्याचा घोट घेतला आणि म्हणाले, "होय."