माणसं चाळीस, पॉड बारा

चाकणमधला सुट्या भागांचा एखादा कारखाना घ्या. ऑर्डरी, गोदाम, चलानं, बिलं, सगळं एका वेब ॲप्लिकेशनवर. वापरणारी माणसं चाळीस. त्यातली दहा कुठल्याही वेळी चहाला गेलेली. एक सर्व्हर, एक डेटाबेस. कुरकुरत का होईना, चाललं होतं.

मग साहेब एका कॉन्फरन्सला जाऊन आले.

आता तेच ॲप्लिकेशन कुबरनेटीसच्या क्लस्टरवर आहे. तीन नोड, बारा पॉड, दारात इनग्रेस, भिंतीवर ग्राफानाचे आलेख. बिल निघायला पूर्वी जेवढा वेळ लागायचा तेवढाच आजही लागतो. वाढलंय ते क्लाउडचं बिल.

कुबरनेटीस वाईट आहे, असं कोण म्हणतंय? गूगलने स्वतःच्या ‘बोर्ग’ यंत्रणेवर वर्षानुवर्षं हात भाजून घेतले आणि त्या शहाणपणातून हे उभं केलं. २०१४ मध्ये सगळ्यांसाठी खुलंही केलं. एका क्लस्टरमध्ये पाच हजार नोडपर्यंत जायची त्याची अधिकृत तयारी असते. त्यातले तीन आपण घेतले.

‘पण ऑटोस्केलिंग मिळतं ना!’ मिळतं की. जीएसटीची २० तारीख आली, गर्दी झाली, बारापैकी ॲप्लिकेशनच्या दोन पॉडचे दहा झाले. जावावाल्यांचा नेहमीचा हिकारी पूल कुणी न सांगता दर पॉडमागे दहा कनेक्शनं धरून बसतो. पोस्टग्रेसकडे मूळ सेटिंगवर एकूण कनेक्शनं १००, त्यातली तीन सुपरयूजरसाठी राखीव, एसटीतल्या आमदारांच्या सीटसारखी. म्हणजे दहाव्या पॉडची तीन कनेक्शनं फुटबोर्डवर. पॉड वाढले, डेटाबेस तोच एकटा.

वाढलं काय? रांग.

‘पडला तर आपोआप उठतो!’ उठतो. पुन्हा पडला तर १० सेकंद थांबून उठतो, मग २०, मग ४०, असं करत पाच मिनिटांपर्यंत. याला क्रॅशलूपबॅकऑफ म्हणतात. कोडमधली चूक या उठाबशांनी दुरुस्त होत नाही, हे सांगायला कन्सल्टंट लागतो का? आणि तब्येत तपासणारा प्रोब फक्त ‘आहेस का?’ एवढंच विचारत असेल, तर ॲप्लिकेशन ‘आहे’ म्हणतं. डॅशबोर्ड हिरवागार. गेटवर चलानाविना ट्रक उभा.

खरी गंमत पुढे आहे. ॲप्लिकेशन लिहिलेलं असतं एका मशीनसाठी. ते उचलून जसंच्या तसं कंटेनरमध्ये कोंबतात. स्कॅन केलेलं चलान ते कंटेनरच्याच डिस्कवर ठेवतं. नवी आवृत्ती चढली, जुना पॉड गेला, चलानही गेलं. लॉगिन एका पॉडच्या मेमरीत, पुढची क्लिक दुसऱ्या पॉडवर. स्टोअरमधले काका दिवसभर पासवर्डच टाकत बसतात. हेल्पडेस्क म्हणतो, ब्राउझर बदलून बघा.

मग पीडीएफ. हलकीफुलकी इमेज हवी म्हणून फॉन्ट वगळलेले असतात. इंग्रजी बिल झकास निघतं, मराठी पावतीवर नुसते चौकोन. कुणाच्या लक्षात येतं? ज्याला पावती वाचायची असते त्याच्या. तो मीटिंगला नसतो.

आणि घड्याळ! कंटेनर सहसा यूटीसीवर चालतो, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. १ एप्रिलला पहाटे पाचला रात्रपाळीने माल काढला, बिल केलं. कंटेनरच्या लेखी अजून ३१ मार्च. बिल गेलं मागच्या आर्थिक वर्षात. सीए फोन करतो तेव्हा साहेबांना कळतं की ‘क्लाउड नेटिव्ह’ झालो.

यात क्लस्टरचा दोष? तिळमात्र नाही. फाइली ऑब्जेक्ट स्टोरेजवर, सेशन रेडिसमध्ये, इमेजमध्ये देवनागरी फॉन्ट, टाइमझोन ठरवून दिलेला. ही कामं आधी करायची असतात. पण फॉन्ट घातला म्हणून स्टेजवर कुणी बोलवत नाही.

पासवर्डचं विचारू नका. ते ‘सीक्रेट’मध्ये असतात. सीक्रेट म्हणजे बेस६४ मध्ये लिहिलेला मजकूर. मुद्दाम सांगितल्याशिवाय इटीसीडीत तो कूटबद्धही होत नाही. उलगडायला एक कमांड पुरते. २०१८ मध्ये टेस्लाचा कुबरनेटीस कन्सोल पासवर्डविना उघडा सापडला होता, आणि आत कुणीतरी बिनबोभाट क्रिप्टो मायनिंग करत होतं. मोटारी तेवढ्या किल्लीविना चालायच्या, असं वाटलं होतं.

बरं, एकदा उभारलं की सुटलो? वर्षाला तीन नव्या आवृत्त्या येतात, प्रत्येकीची देखभाल साधारण चौदा महिने. ॲमेझॉनवर क्लस्टरचं नुसतं भाडं तासाला दहा सेंट. जुन्या आवृत्तीवर रेंगाळलात की साठ. आळसाला एवढा चोख दर दुसरीकडे कुठे लागत असेल?

१४ मार्च २०२३. रेडिटने कुबरनेटीसच्या १.२३ वरून १.२४ वर उडी मारली. नव्या आवृत्तीने नोडवरचं ‘मास्टर’ हे लेबल काढून टाकलं होतं आणि त्यांच्या नेटवर्कची एक जुनी जुळणी नेमकी त्याच लेबलावर टेकलेली. साइट ३१४ मिनिटं बंद. त्यांच्याकडे यासाठी जाणकारांची फौज आहे. आपल्याकडे एक मुलगा आहे.

त्याचा नोटीस पीरियड सुरू आहे. हिंजवडीत दुसरीकडे लागला. सीव्हीवर ‘कुबरनेटीस, प्रॉडक्शन अनुभव’ असं लिहिलंय. कारखान्याला काय मिळालं ते सोडा, कुणाचं तरी भलं झालं.

कंटेनर जरूर घ्या. टेस्टिंगला जी इमेज चालली तीच प्रॉडक्शनला जाते, हे सुख लहान नाही. पण कंटेनर घेतला म्हणून क्लस्टर घ्यायलाच हवा, हे कुणी सांगितलं? एका बऱ्या सर्व्हरवर डॉकर कंपोजने चाळीस माणसांचं काम आरामात होतं. दुसरा सर्व्हर तयार ठेवा, झोपही लागेल. रेल्सवाल्या हॅन्सनची ३७सिग्नल्स २०२२ मध्ये क्लाउड सोडायला निघाली आणि साध्या सर्व्हरवर कंटेनर चढवायला तिने ‘कमाल’ नावाचं साधन बनवलं. त्यांचे ग्राहक चाळीस नाहीत.

तुमच्याकडे पन्नास सर्व्हिसेस असतील, दहा टीम रोज काहीतरी चढवत असतील, रात्री दोनला फोन उचलणारी पगारी माणसं असतील, तर क्लस्टर घ्या. वाद नाही. बाकीच्यांनी पुढच्या मीटिंगमध्ये व्हेंडर रंगीत चौकोनांची आकृती दाखवायला लागला की त्याला मध्येच थांबवा. डेटाबेसचा बॅकअप परत लावून शेवटचा कधी पाहिला, किती वेळ लागला आणि कुणी लावला, एवढंच विचारा. उत्तर येईपर्यंत सही करू नका.